न पाहिलेल्याची साक्ष

ग्रंथालयाच्या तालिकेकडे नीतिविचाराच्या अंगाने पाहण्याची आपणांस सवय नाही. तालिका म्हणजे कारकुनी काम. लेखकाचे नाव, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या एवढे पाहून पत्रावर उतरवले की संपले. त्यात पापपुण्याचा प्रश्न येतो कोठे, असे कोणीही विचारील. तथापि थोडे थांबून पाहिले तर असे दिसते की तालिकेतील प्रत्येक नोंद हे एक विधान असते. अमुक नावाचे, अमुक भाषेतले, अमुक विषयावरचे पुस्तक या ठिकाणी आहे, असे कोणीतरी एका अनोळखी माणसाला सांगत असतो. तो माणूस कदाचित तीस वर्षांनी येणार असतो. विधान खरे असेल तर तो कपाटापर्यंत जातो. विधान खोटे असेल तर बहुधा तेथवर जातच नाही, पुस्तक नाहीच असे समजून दारातून परत फिरतो. न्यायालयात साक्षीदाराची निदान उलटतपासणी होते. तालिकेची उलटतपासणी कोणी करीत नाही.

म्हणून आमच्या मते येथे एक खराखुरा नैतिक प्रश्न आहे. जे आपण स्वतः पाहिलेले नाही त्याविषयी साक्ष देण्याचा अधिकार माणसाला कितपत आहे? प्रश्न जुनाच, पण ग्रंथालयांत संगणक आणि आंतरजाल आल्यापासून त्याला नवी धार चढली आहे, आणि आपल्या गावात, आपल्यासारख्या घरांच्या बाबतीत, ती जरा अधिकच बोचते.

१७६० साली उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर निजामाकडून पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले आणि १८६० च्या सुमारास इंग्रजी अमलाखाली आले. या उलाढालीत, आणि त्यानंतरही रेल्वे, कापूस, शाळा-कचेऱ्या यांच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे या तापीकाठी स्थिरावली, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी एक वस्तू हमखास असे, ती म्हणजे पुस्तकांचे कपाट. पोथ्या, जुनी पंचांगे, दिवाळी अंक, पुण्या-मुंबईहून टपालाने मागवलेल्या कादंबऱ्या, संगीत नाटकांची पुस्तके, आणि कोठे कोठे तळच्या खणात मोडी कागदांचे रुमाल. हे कपाट उघडणारी शेवटची पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. नातवंडे हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरात मराठी बोलतात, पण मराठी पुस्तक सहसा हाती धरीत नाहीत. (त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, जी भाषा शाळेच्या फळ्यावर नसते ती पुस्तकातूनही हळूहळू निघून जाते.) मग केव्हातरी वाडा विकला जातो, मंडळी इंदूरला किंवा पुण्याला जातात, आणि कपाट एखाद्या ग्रंथालयाला भेट दिले जाते. तेथे ते उघडणाऱ्याला देवनागरी येते. मराठी येतेच असे नाही.

आमच्या परिचयातील एक मुलगी सध्या ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम करीत आहे. प्रात्यक्षिकासाठी ती एका संस्थेच्या ग्रंथालयात जाते. तेथे 'कोहा' नावाची संगणकप्रणाली बसवली आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या लहानशा भागातील ग्रंथालयांसाठी १९९९ साली ही प्रणाली रचण्यात आली, जानेवारी २००० पासून ती वापरात आली, आणि जगात कोणीही विनामूल्य घ्यावी अशी मोकळी ठेवण्यात आली. 'कोहा' हा माओरी भाषेतील शब्द. त्याचा अर्थ भेट, पण परतफेडीची जाण असलेली भेट. आपल्या 'आहेर' या शब्दाच्या तो बराच जवळ जातो. तर या मुलीचे काम असे, की जुनी दाखलनोंद वही आणि पुस्तकांचा ढीग समोर घेऊन एकेक पुस्तक संगणकात चढवायचे आणि दिवसाचा ठरलेला आकडा गाठायचा. भाषेच्या रकान्यात 'हिंदी' आधीच भरून ठेवलेले असते, कारण तेथली बहुतेक पुस्तके हिंदी आहेत आणि दर वेळी निवडण्याचा त्रास वाचावा हा हेतू. पहिले काही दिवस ती मराठी पुस्तक आले की तो शब्द बदलत असे. मग तिला कोणी समजावले की लिपी तीच आहे, एवढे बारीक पाहत बसू नये.

एका संध्याकाळी ती आमच्याकडे आली. म्हणाली, "काका, लिपी एक असली म्हणून भाषा एक होत नाही, एवढे मला कळते. पण नुसत्या शीर्षकावरून नेहमीच ओळखता येत नाही. पुस्तक उघडावे लागते, आणि उघडले की पाच मिनिटे जातात. आकडा भरत नाही. मी काय करावे?"

शीर्षक निव्वळ तत्सम शब्दांचे असेल तर बाहेरून खरोखरच काही कळत नाही. आत पहिल्या ओळीत 'आहे' किंवा 'ळ' दिसला की प्रश्न सुटतो, पण त्यासाठी पहिली ओळ पाहावी लागते. आणि न पाहण्याची किंमत काय होते, ते ग्रंथालयशास्त्राची भाषा फार नेमकेपणाने सांगते. मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणाच्या आजच्या रूपात हिंदी साहित्याचा अंक ८९१.४३ आहे आणि मराठीचा ८९१.४६. अंतर केवळ तीनाचे. दोहोंच्या मध्ये बंगाली, असमिया, ओडिया यांच्या फळ्या तेवढ्या येतात. या तीनाच्या चुकीने एक मराठी कादंबरी हजार हिंदी पुस्तकांच्या मध्ये जाऊन उभी राहते. ती जळालेली नसते, कसर लागलेली नसते, चोरीस गेलेली नसते. केवळ कोणाच्या हाती लागत नाही. संगणकातही तेच. भाषेसाठी तीन रोमन अक्षरांची खूण असते. तेथे मराठीची खूण पडली नाही, तर 'मराठी पुस्तके दाखवा' असे विचारणाऱ्याला ते पुस्तक कधीच दिसणार नाही. जुन्या काळी चूक झाली तरी ग्रंथपालाच्या डोक्यात दुसरी तालिका असे. तो उठून बरोबर पुस्तक काढून आणीत असे. आता तो निवृत्त झाला आहे आणि पडदा सांगेल तेच खरे.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. प्रत्येक ग्रंथपालाने प्रत्येक पुस्तक स्वतः तपासूनच नोंद करावी असे म्हटले तर काम कधी संपणार नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांत वाचकाचा वेळ वाचवावा हे चौथे. एकच पुस्तक शंभर ग्रंथालयांत शंभर वेळा तपासणे हा श्रमाचा अपव्यय आहे हे त्यांनी ओळखले होते. पुस्तक प्रकाशित होण्यापूर्वीच त्याचे वर्गीकरण आणि तालिकीकरण एका जाणत्या ठिकाणी व्हावे, ही कल्पनाही त्यांनी मांडली होती. साठच्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्रम या विदुषीने यंत्राला वाचता येईल असा नोंदीचा साचा तयार केला, तोच 'मार्क'. त्यामुळे एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी उतरवून घेणे शक्य झाले. आज आपल्या गावातली विद्यार्थिनी एक कळ दाबून वॉशिंग्टनची नोंद बुऱ्हाणपुरात आणू शकते. यात वाईट काही नाही. शिवाय ही परकी नोंद परक्याचीच असते असेही नाही. १९६२ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत आपले कार्यालय उघडले, तेव्हापासून मराठीसह भारतीय भाषांतील पुस्तके गोळा करण्याचे आणि त्यांच्या नोंदी करण्याचे काम तेथे होत आले आहे. म्हणजे वॉशिंग्टनच्या नोंदीमागे पुस्तक हातात घेतलेला दिल्लीतला भाषाजाणकार असू शकतो.

तेव्हा दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणे गैर आहे, असे म्हणून भागत नाही. प्रश्न आहे तो कोणाच्या शब्दावर विसंबावे हा, आणि याचा विचार आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी करून ठेवला आहे. न्यायदर्शनात प्रमाणे चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द हे प्रमाण खरे, पण कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त कोण, याचे वात्स्यायनाने न्यायभाष्यात जे विवेचन केले आहे त्याचा आशय असा : ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे तो असेही सांगतो की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. आम्हांस हा भाग विशेष वाटतो. शब्दाचे प्रामाण्य बोलणाऱ्याच्या प्रतिष्ठेत नाही. ते त्याच्या पाहण्यात आणि त्याच्या हेतूत आहे. या कसोटीवर, पुस्तक न उघडणारे मोठे विद्यापीठ आप्त ठरत नाही, आणि पुस्तक उघडून पाहणारी आपल्या गावची विद्यार्थिनी त्या एका पुस्तकापुरती निःसंशय आप्त ठरते.

मराठीत अशा आप्ताचे नाव घ्यायचे तर ते शंकर गणेश दाते यांचे. १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची त्यांची ग्रंथसूची १९४३ साली निघाली. १९५० पर्यंतच्या पुस्तकांचा दुसरा भाग १९६१ साली. संगणक नव्हता, मदतीला सरकारी खाते नव्हते; ग्रंथालये पालथी घालून एका माणसाने चालवलेला हा उद्योग. आजही एखाद्या जुन्या मराठी पुस्तकाविषयी वाद पडला की अभ्यासक दाते काय म्हणतात ते पाहतात. त्या नोंदीमागे पाहणारा डोळा होता, हा भरवसाच त्यामागे असतो.

आपल्या गावाला तर याहूनही जुना दाखला लाभलेला आहे. अकबर आणि जहांगीर यांच्या काळात दक्षिणेच्या कारभारावर असताना अब्दुर्रहीम खानखानान याचा मुक्काम वर्षानुवर्षे बुऱ्हाणपुरात असे. दोह्यांचा रहीम तो हाच. त्याच्या पदरी लेखनिक, चित्रकार, पुस्तकबांधणी करणारे कारागीर यांनी गजबजलेले मोठे ग्रंथालय होते. त्याच्या आश्रयाला आलेल्या अब्दुल बाकी नहावंदी याने १६१६ साली पुऱ्या केलेल्या 'मआसिर-ए-रहीमी' या ग्रंथात त्या मंडळींचा वृत्तान्त आहे. कुंडी भंडाऱ्याचे पाणी आपण रहीमच्या काळचे म्हणून पाहुण्यांना दाखवतो, पण त्याच्या ग्रंथालयाची आठवण सहसा कोणी काढीत नाही. रहीमने करवून घेतलेल्या फारसी रामायणाची सचित्र प्रत आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे, आणि तिच्या आरंभीच्या कोऱ्या पानावर खुद्द रहीमच्या हस्ताक्षरात, हा ग्रंथ काय आहे आणि तो कसा तयार झाला, याची टीप आहे. मालकाने स्वतः केलेली ती तालिकानोंदच म्हणावयाची. मोगल बादशाही ग्रंथालयाची रीत अशीच होती. ग्रंथ एका अधिकाऱ्याच्या ताब्यातून दुसऱ्याकडे गेला, किंवा तपासणी झाली, की पानावर तारीख घालून शेरा लिहीत आणि मुद्रा उठवीत. त्या शेऱ्याचे नाव 'अर्ज-दीदा'. यातील 'दीदा' म्हणजे पाहिलेले. ग्रंथाची किंमत काय, तो सुंदर आहे की नाही, हे सारे नंतर. आधी एवढेच, की अमुक दिवशी तो समोर ठेवला गेला आणि तो पाहिला गेला. चारशे वर्षांनंतर अभ्यासक एकेका हस्तलिखिताचा प्रवास लावतात तो अशा शेऱ्यांच्या आधाराने.

गंमत अशी की आजच्या यंत्राच्या साच्यातही या शेऱ्यासाठी जागा आहे. 'मार्क'मध्ये ०४० क्रमांकाचा एक रकाना असतो. मूळ नोंद कोणत्या ग्रंथालयाने केली, ती यंत्रात कोणी उतरवली, आणि पुढे तीत फेरफार कोणी केले, हे तेथे क्रमाने लिहावयाचे असते. सामान्य वाचकाला तो रकाना दिसतही नाही. विद्यार्थिनीने आम्हांला तो पडद्यावर उघडून दाखवला तेव्हा आम्हांस तो साऱ्या साच्यातला सर्वांत प्रामाणिक रकाना वाटला. कारण इतर रकाने पुस्तकाविषयी सांगतात, आणि हा सांगणाऱ्याविषयी सांगतो.

पण जागा असणे वेगळे आणि ती इमानाने भरणे वेगळे. आयती नोंद उतरवून घेणारा पुष्कळदा स्वतः काहीच पाहत नाही, आणि त्याच्याकडून तिसरा ती उतरवून घेतो. पूर्वी ग्रंथपालाची चूक त्याच्या गावात राही. आता ती चूक प्रवासाला निघते. २००९ साली अमेरिकन भाषावैज्ञानिक जेफ्री नुनबर्ग यांनी गूगलच्या पुस्तकसंग्रहातील नोंदींतले दोष जाहीरपणे मांडले, तेव्हा असे दिसले की विसाव्या शतकातील कितीतरी पुस्तकांवर १८९९ हे वर्ष पडले आहे. लेखक तोवर जन्मलेलाही नसे. आपल्याकडे 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पात भारतीय भाषांतील लाखो ग्रंथांची पाने यंत्राने टिपली गेली. काम फार मोठे. त्याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. पण शीर्षके रोमन लिपीत, आणि अनेकदा ती भाषा न जाणणाऱ्या हातांनी चढवली गेली. परिणाम असा की एखादे दुर्मीळ मराठी पुस्तक जगाच्या पाठीवर कोणालाही फुकट वाचता येते, फक्त ते कोणत्या नावाखाली शोधावे हे कोणाला कळत नाही.

या सगळ्यात यंत्राचा दोष किती? आमच्या मते थोडा, आणि तो एकाच ठिकाणी. जुन्या तालिकाशास्त्रात शंकेचा एक सभ्य शिष्टाचार होता. शीर्षकपृष्ठ फाटले असेल, वर्ष छापलेले नसेल, तर तालिकाकार आपला अंदाज चौकटी कंसात लिही आणि पुढे प्रश्नचिन्ह घाली. कंसाचा अर्थ, हे पुस्तकात नाही, मी म्हणतो; प्रश्नचिन्हाचा अर्थ, मलाही खात्री नाही. 'मार्क'च्या मूळ साच्यातही ही सोय आहे. भाषा ठरत नसेल तर 'अनिश्चित' अशी स्वतंत्र खूण आहे, वर्षाचे ठाऊक नसलेले अंक तसेच सोडता येतात. पण प्रत्यक्ष कामात पडद्यावरचा रकाना भरल्यावाचून पुढे जाता येत नाही अशी योजना केलेली असते, किंवा आधीच कोणी उत्तर भरून ठेवलेले असते. रिकामी जागा माणसाला थांबवते. भरलेली जागा थांबवत नाही. डीफॉल्ट म्हणून भरलेल्या त्या 'हिंदी'ला कोणी खोटे बोलले असे म्हणता येत नाही, कारण कोणी काही बोललेच नाही. असत्य आहे आणि असत्य बोलणारा मात्र नाही, अशी ही नवीन अवस्था आहे, आणि जुन्या नीतिशास्त्राला तिच्यासाठी अजून नाव सापडलेले नाही. अलीकडे तर पुस्तकाच्या छायाचित्रावरून आपोआप नोंद करून देणारे संगणक येऊ लागले आहेत. ते रकाना कधी रिकामा सोडत नाहीत, आणि आपल्या अंदाजाला चौकटी कंस घालण्याची शालीनता त्यांना आपणच शिकवावी लागेल.

आम्ही त्या मुलीला इतकेच सांगितले, की आकडा कमी भरला तर भरू दे. जे उघडून पाहिले नाहीस त्यापुढे 'अनिश्चित' लिही, पण 'हिंदी' राहू देऊ नकोस. यावर तिने जे विचारले ते आमच्या सांगण्याहून मोलाचे होते. "पण काका, सगळेच 'अनिश्चित' लिहून मी मोकळी झाले, तर तोही आळसच ना?" बरोबर आहे. 'मला ठाऊक नाही' हे वाक्य सत्य असूनही कधी कधी ते कर्तव्य चुकवण्यासाठी वापरले जाते. जे पाच मिनिटांत कळू शकते त्याविषयी अनिश्चित राहण्याचा हक्क साक्षीदाराला नाही.

या गावाचे नावच घ्या. मराठीत आपण बुऱ्हाणपूर लिहितो, जुन्या लिखाणात बऱ्हाणपूरही आढळते, हिंदीत बुरहानपुर. पूर्वीच्या तालिकेत 'पहा' अशी पत्रे घालून या रूपांची सांगड घालीत. आता त्यात आणखी एक बारकावा आला आहे. 'ऱ्ह' मधला तो पापणीसारखा अर्धा र संगणकात दोन वाटांनी उमटतो. एक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून. दुसरी साध्या 'र'ला हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात. पण तजवीज केलेली नसेल तर यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात, आणि एकाने शोधले तर दुसरे सापडत नाही. डोळ्यांनी पाहूनही जो भेद दिसत नाही, त्याची जबाबदारी कोणावर? आम्हांस वाटते, ज्याला तो ठाऊक आहे त्याच्यावर. आपल्या जामा मशिदीत फारुकी राजाने अरबी लेखाच्या जोडीला देवनागरीत संस्कृत लेख कोरवून घेतला, त्यात राजवंशाची नावे आणि संवत, शक, तिथी, नक्षत्र असा पंचांगाचा तपशील आहे. हिजरी सनावर सगळ्या वाचणाऱ्यांचे भागणार नाही, हे सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका सुलतानाने जाणले. वाचणारा कोणत्या दाराने येईल हे आधी मनात आणणे, हेच तालिकाकाराचे निम्मे काम.

येथवर न पाहिलेल्याची गोष्ट झाली. पण पाहिलेले सगळे सांगावेच काय, हाही प्रश्न त्याच मुलीच्या टेबलावर रोज येतो, आणि तो आम्हांस अधिक अवघड वाटतो. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक विभावरी शिरूरकर या नावाने निघाले आणि महाराष्ट्रात वादळ उठले. ही बाई कोण, याचा शोध घेण्यात मंडळी गुंतली. आज आपण मालतीबाई बेडेकर हे नाव सहज लिहितो, कारण पुढे लेखिका स्वतःच समोर आल्या. पण समजा, तेव्हाच्या एखाद्या तालिकाकाराला ते नाव ठाऊक असते, तर सत्य म्हणून त्याने ते पत्रावर लिहावयास हवे होते काय? आम्ही म्हणतो, नाही. टोपणनाव हाही लेखकाने केलेला करार आहे. गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून लिहिला. तेथे तिघांची गाठ घालून देणे हे वाचकावर उपकार करणे होय. एकच कृती एका ठिकाणी सेवा होते आणि दुसऱ्या ठिकाणी चहाडी, आणि कोणताही रकाना हा फरक सांगत नाही.

भेट आलेल्या पुस्तकांच्या आत काय काय सापडते! हळदीकुंकवाला दिल्याची तारीख, परीक्षेत पहिली आल्याबद्दल वडिलांनी लिहिलेले दोन शब्द, समासात कोणी रागाने मारलेली रेघ. मागच्या खिशातल्या देवघेव कार्डावर, कोणी ते पुस्तक केव्हा नेले याची यादी. पन्नास वर्षांपूर्वी अमुक घरातल्या सूनबाईंनी कोणती कादंबरी तीनदा नेली, हे आपल्यासारख्या लहान गावात सांगणे निरुपद्रवी नव्हे. 'कोहा'मध्ये वाचकांच्या जुन्या देवघेवीतून नावे पुसून टाकण्याची सोय आहे. ती वापरावी असे आमचे मत आहे. देणाऱ्याचे नाव मात्र नोंदवावे, त्याची वा त्याच्या वारसांची हरकत नसेल तर. कारण कपाट कोणत्या घरातून आले हे कळले, तर एरवी सुटी वाटणारी पुस्तके पुन्हा एका घराची होतात.

आणि जी भाषा ना मराठी ना हिंदी, तिचे काय? अहिराणीतील गाण्यांचे चोपडे, निमाडीतील गीते या परिसरात निघतात. 'मार्क'च्या नेहमीच्या भाषायादीत या दोहोंसाठी स्वतंत्र खूण नाही. पुढे निघालेल्या अधिक विस्तृत जागतिक यादीत मात्र अहिराणीलाही आहे आणि निमाडीलाही, आणि तेथील खूण वापरण्याची वाट साच्यात ठेवलेली आहे. ती वाट वळणाची आहे, कंटाळवाणी आहे. विद्यार्थिनीने ती शोधून काढली. तिचा आकडा त्या दिवशी पार खाली गेला असणार.

मोडी लिपीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. म्हणजे आता मोडी अक्षर संगणकात लिहिता येते. वाचणारा माणूस मात्र त्याबरोबर मिळत नाही. एका घरून आलेले दोन रुमाल सध्या तिच्या टेबलावर पडून आहेत. भाषेच्या जागी तिने 'मराठी' लिहिले आहे, लिपीच्या जागी 'मोडी'. वर्षाच्या जागी चौकटी कंसात १८ हा आकडा, पुढे दोन आडव्या रेघा आणि प्रश्नचिन्ह. आत काय आहे, जमाखर्च की पत्रे की आणखी काही, ती जागा तिने कोरी सोडली आहे. ज्या वाचकांना मोडी लागते त्यांनी चष्मा घेऊन यावे. ग्रंथालय रविवारी सकाळी उघडे असते.